अर्धं राहिलेलं बोलावणं

आमच्या घरी छापलेला कागद यायचा तो सुकट बांधायला. आय पाटी डोक्यावर घेऊन नेरुळच्या नव्या सेक्टरांत दारोदार मासळी विकायची. ओली मासळी गिऱ्हाइकाच्या भांड्यात जायची, सुकट आणि बोंबील कागदात. ती रद्दी बाबा वाशीहून आणायचा आणि मोरीशेजारच्या फळीवर गठ्ठा रचून ठेवायचा. त्यात वर्तमानपत्रं असायची, परीक्षा उरकलेल्या पोरांची पुस्तकं असायची, आणि कधीमधी चित्रांच्या गोष्टींची सुटी पानं. अख्खं पुस्तक कधीच नाही. राजा घोड्यावरून पडतोय, घोड्याचे पुढचे पाय हवेत आहेत, आणि पान संपलं. कोणी पाडला, मेला की उठला, कळायला मार्ग नाही. मग मी चुलीतला विझलेला कोळसा घेऊन मागच्या भिंतीवर पुढच्या चौकटी स्वतः काढायची. बाबा जाळं शिवता शिवता मान वर करून बघायचा आणि म्हणायचा, "राजाला उटव गो बाय. कवाचा पडलाय, पाट मोडंल त्याची." मी उठवायची. माझं वाचनही असंच सुरू झालं आणि लिहिणंही, दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं पुरं करण्यापासून.

आता मला परिसंवादांना बोलावतात. चित्रकादंबरी हे साहित्य मानावं का, असा काहीतरी विषय असतो. पुढच्या रांगेतले लोक हाताची घडी घालून बसलेले असतात. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी भाषणाच्या पहिल्याच वाक्यात सांगते, लाजत नाही आणि लाजावं असं त्यात काही नाही. मराठी घेऊन बी.ए. करताना आमचे एक सर वर्गात म्हणाले होते, "चित्रं बघायची असतात, वाचायची नसतात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रं." वर्ग हसला. मी उभी राहून म्हणाले, "सर, माझ्या आईला वाचता येत नाही, पण तिला पाठ असलेली गोष्ट सकाळी सुरू केली तर दुपारपर्यंत संपत नाही. ती कुठं लिहिलेली नाही. मग ती काय आहे?" सर म्हणाले, "ते लोकवाङ्मय. वेगळ्या पेपरात आहे." मी खाली बसले. माझ्या आयला एका वेगळ्या पेपरात टाकलं, एवढंच मला तेव्हा कळलं आणि फार लागलं.

आय धवलारीण होती. आमच्या कोळ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी आला तरी तो मागाहून, आधी मान तिचा. धवला दोघींनी म्हणायचा. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. आयची ओळ उचलायला शेजारची काशीमावशी असायची. आयचा आवाज गोड नव्हता, हे मी मुलगी म्हणून लपवणार नाही. खरखरीत होता, ओल्या दोरासारखा, पण तुटायचा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी ती तिखट खायची नाही. तांदळाची भाकरी आणि नुसतं नारळाचं दूध, एवढंच. मग घरात आम्हालाही तेच. बाबा कुरकुरायचा, "लगीन लोकाचा नं उपास आमाला." पण सुकटीचं कालवण कर म्हणायची त्याची छाती नव्हती.

धवल्याचा पहिला भाग म्हणजे बोलावणं. गावदेवीपासून दर्याराजापर्यंत एकेका देवाला नाव घेऊन हाक मारायची, तो कुठल्या वाटेनं आला ते सांगायचं, मग सगळ्यांना पाट द्यायचा, पाणी द्यायचं, विडा द्यायचा, आणि शेवटी घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावून त्यांच्या पंगतीला बसवायचं. आयला हे तिच्या आत्यानं शिकवलं होतं आणि त्याबरोबर दोन अटी घातल्या होत्या. नवरा-नवरी नसताना बोलावणं करायचं नाही. आणि एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, घराला आग लागली तरी. कारण हाक गेली की देव निघतात. ते दारात येऊन उभे राहिले आणि आतून पुढची ओळच आली नाही, तर ना त्यांना आत येता येत, ना परत जाता येत. लहानपणी मी एकदा भांडी घासताना ती चाल गुणगुणले, तर आयनं ओल्या हातानं माझं तोंडच दाबलं. "कोनाला बोलवतंस? कोनाचा लगीन हाय?" त्या हाताला कोळंबीचा वास होता. अजून आठवतो.

मग आमच्याकडे रंगीत टीव्ही आला. एकट्या आमच्याकडे नाही, वर्षा-दोन वर्षांत आमच्या अख्ख्या सारसोळे गावात आला. त्याआधी आमच्या आळीत दुपारी कोणत्या घरात काय चाललंय ते आवाजावरून कळायचं. कुठं पाटा-वरवंटा, कुठं जाळ्याला शिसं ठोकणं, कुठं सासू-सुनेचं भांडण, आणि पलीकडं नव्या इमारतींच्या पायासाठी चाललेली ठोकाठोकी. टीव्हीनंतर दुपारी सगळ्या घरांतून एकच भांडण ऐकू यायचं, तेही शुद्ध मराठीत. पाटी उतरवून बायका तशाच दारात बसायच्या. मालिकेतली सून रडली की आमची काशीमावशी पदर डोळ्याला लावायची, आणि स्वतःची सून पाणी घेऊन आली की तिला म्हणायची, "हो बाजूला, दिसत नाय मना." मला ह्याची गंमत वाटायची, मग हळूहळू गंमत वाटेनाशी झाली. माझी धाकटी बहीण चंदा 'मना' सोडून 'मला' म्हणायला लागली, 'आय' सोडून 'आई'. त्यात वाईट काय, मीही कॉलेजात तसंच बोलत होते. पण मी दारात चप्पल काढली की ते तिथंच ठेवून आत यायची. चंदा घरातही तेच बोलायची, आणि आय तिच्याशी बोलताना अडखळायला लागली.

लग्नंही बदलली. मालिकेतल्या लग्नात मेंदीचा कार्यक्रम असतो, नाच असतो, नवरीची एंट्री असते. धवलारीण कुठल्याच मालिकेत नव्हती. मग आमच्याकडेही व्हिडिओवाला येऊन आयला सांगायला लागला, "मावशी, जरा शॉर्ट करा, बॅटरी उतरतेय." काही घरांनी बोलावणंच बंद केलं. लग्नसराईत आयचं नेसायचं लुगडं घडीतच राहायला लागलं, तेव्हा ते काढून उन्हात टाकायची आणि परत घडी घालायची.

अशात एका वाहिनीची माणसं गावात आली. निरनिराळ्या भागांतल्या लग्नाच्या रिती दाखवायचा त्यांचा कार्यक्रम होता. कोणीतरी आमचं घर दाखवलं. हेडफोन गळ्यात घातलेला एक तरुण साहेब आमच्या ओट्यावर बसला, आयच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज घराघरात जाईल." बाबा म्हणाला, "आमच्या घरात रोज जातंय तवडा पुरे हाय." साहेब हसला. आय हसली नाही. ती विचार करत होती. दोन दिवस तिनं विचार केला. मग मला म्हणाली, "बाय, पोरींना टीवीवरचंच खरं वाटतंय. मंग धवला टीवीवर गेला तर त्यांना तोबी खरा वाटंल ना?" मला ते पटलं. आजही मला वाटतं की तिचा हिशेब चुकीचा नव्हता.

अडचण होती ती नवरा-नवरीची. खोटं लग्न मांडून देवांना बोलवायचं कसं? तोडगा आयनंच काढला. चंदाचं लग्न उरणजवळच्या मोरा बंदरातल्या मुलाशी ठरलं होतं, सुपारी फुटली होती. नवरीच्या जागी चंदाला बसवायचं. म्हणजे देवांना फसवल्यासारखं होत नाही, नवरी खरीच आहे, फक्त थोडी आधी बसली. काशीमावशीनं शंका काढली, "नं नवरा?" तर वाहिनीवाल्यांनी त्यांच्यातलाच एक पोरगा मुंडावळ्या बांधून बसवला. चंदा लाजून लाल. आयनं लुगडं नेसलं, केसात अबोली माळली. आदल्या दिवशी घरात नारळाचं दूध आणि भाकरी झालीच होती.

दुपारची वेळ होती, पण आमची ओटी अंधारी म्हणून त्यांनी मोठे दिवे लावले. बाहेर जनरेटर धडधडत होता. आयच्या पदराला माईक टोचला. आत सगळे पाट मांडलेले, तांदळाचा चौक भरलेला. आयनं डोळे मिटले आणि ओळ टाकली, काशीमावशीनं उचलली. त्या दिवशी ती खरंच फार चांगलं म्हणाली. मी कॉलेजात पुष्कळ कविता ऐकल्या होत्या, पण गावदेवी तिवरांतून चिखल तुडवत येते ती ओळ ऐकताना माझ्या पायाला चिखल लागला. गावदेवीला हाक गेली. डोंगरावरच्या आईला गेली. वेशीवरच्याला गेली. दर्याराजाचं नाव आयनं घेतलं, आणि साहेब म्हणाला, "कट! फार छान मावशी, मिळालं आपल्याला."

आय थांबली नाही. तिला ते कळलंच नसावं. तिनं पुढची ओळ टाकली. साहेबानं काशीमावशीकडे बघून हात वर केला, बास म्हणून. आणि काशीमावशीनं ओळ उचलली नाही. मोठ्या माणसानं हात दाखवला, ती गप्प बसली. तिचं काय चुकलं? आयनं डोळे उघडले. ती ओळ तिनं परत टाकली, एकटीनं. एक मुलगा येऊन तिच्या पदराचा माईक काढायला लागला. म्हणाला, "आजी, जरा हात वर." तेवढ्यात बाहेर कोणीतरी जनरेटर बंद केला, दिवे गेले, आणि उजेडाला सरावलेल्या आमच्या डोळ्यांपुढं मिट्ट काळोख झाला. त्या काळोखात आयचा आवाज बंद पडला. उघडझाप करून परत दिसायला लागलं तेव्हा ती दाराकडे बघत होती. पाट रिकामे होते. मुंडावळ्या सोडत तो पोरगा चंदाला म्हणाला, "थँक्यू हं मॅडम."

मी शिकलेली आहे. दारात देव उभे राहतात ह्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आता तर नाहीच. पण आयचा चेहरा मी बघितला. ज्या घरात पाहुणे बोलावले आणि ते आल्यावर चूलच पेटली नाही, त्या घरातल्या बाईचा तो चेहरा होता.

कार्यक्रम एका रविवारी सकाळी लागला. अख्खी आळी आमच्या घरात. काशीमावशीनं नवीन पातळ नेसलं होतं, जणू टीव्हीतली माणसंही तिला बघणार होती. पुष्कळ जाहिराती गेल्या, दुसऱ्या कुठल्या गावचे फेटे आणि तुताऱ्या गेल्या, आणि मग एकदम आमची ओटी! "दिसली, दिसली! आये बग, तू!" पोरं ओरडली. पडद्यावर आय होती, डोळे मिटलेले, तोंड हलत होतं. आवाज तिचा नव्हता. तिच्या तोंडावर त्यांनी एक उडत्या चालीचं गाणं लावलं होतं, ढोलकी-बिलकी असलेलं, हळदीला डीजेवर लावतात तसलं. आमच्या चंदाच्या हसऱ्या चेहऱ्यावर पडदा थोडा थांबला, आणि निवेदिका गोड आवाजात म्हणाली की कोळी बांधवांच्या लग्नात अशी धमाल असते. मग जाहिरात.

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, लोकांना आनंद झाला होता. फक्त बाबा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "तोंड तुजा नं गला कोनाचा गो?" आय उठली आणि चुलीवरचे बोंबील परतायला गेली. सगळ्यांना तिनं भाकरी वाढली. त्या दिवसाचे बोंबील करपले होते. सगळ्यांनी तसेच खाल्ले.

चंदाचं लग्न पुढच्या लग्नसराईत होतं. मांडवाच्या आदल्या दिवशी आयनं कालवण केलं, झणझणीत, आणि स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. तेव्हाच मला कळलं. काशीमावशी धावत आली. "गो, उंद्या धवला नं आज तिकट खातंस?"

"मी नाय म्हनत धवला."

"लेकीच्या लग्नात? तुजी मती फिरली काय?"

"आदीची दारात उबी हायेत काशे. चंदीच्याच नावानं बोलावलेली. त्यांना पाट नाय, पानी नाय. त्यांच्यावरून दुसरा बोलावना धाडू कसा?"

"मंग तवाचा पुरा कर ना आता!"

"त्याच बैठकीला पुरा व्हावा लागतंय. तुला म्हाईत नाय?"

काशीमावशीला माहीत होतं, आणि ओळ कोणी उचलली नव्हती तेही माहीत होतं. आयनं तिला त्यावरून आयुष्यात एक शब्द सुनावला नाही. काशीमावशी मात्र त्यानंतर आमच्याकडे टीव्ही बघायला आली नाही.

मी आयशी वाद घातला. कॉलेजात शिकलेलं सगळं वापरलं. मी म्हणाले, हे देव गाण्यातले आहेत, गाणं पुन्हा म्हटलं की पुन्हा येतील. ती म्हणाली, "तू शिकलीस, तुला परत बोलावता येत असतील. मना नाय येत." शेवटी चंदा आली. हाताला मेंदी, मालिकेतल्यासारखी कोपरापर्यंत. ती आयपुढं खालीच बसली आणि रडत म्हणाली, "आये, मना टीवीतला काय नको गो. मना तुजा धवला पायजे." कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडी 'मना' आलं. आयनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, केसांवरून हात फिरवत राहिली, आणि मान हलवत राहिली. नाही म्हणून.

हळद लागली ती स्पीकरवर. तेच गाणं लागलं, आयच्या तोंडावर लावलेलं. मांडववाल्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पोरं नाचली. आय आत भात उपसत होती. चंदा बोलावण्याशिवाय गेली, मोऱ्याच्या धक्क्यावर उतरली, आणि संसाराला लागली. पुढं जे झालं ते कुठल्याही घरात होतं. पहिलं मूल राहिलं नाही. नवऱ्याची होडी एका वादळात फुटली. मग दुसरी आली, मुलगा झाला, सगळं रांगेला लागलं. पण प्रत्येक वाईट बातमीला आय दाराकडे बघायची. उंबऱ्यावर कोणाला बसू द्यायची नाही. आता आमचं घर चार मजली झालंय, खाली भाडेकरूंचं मोबाइलचं दुकान आहे, गाव आणि खाडीच्या मध्ये मोठा रस्ता धावतो. तरी शेवटपर्यंत ती म्हणायची, दार लोटू नको, पुरतं उघडं ठेव.

बाबा गेल्यावर, नोकरीतून सुटका झाली तसं, मी ते सगळं काढायला घेतलं. साधे पातळ कागद आणि काळं पेन. लिहून होत नव्हतं. धवला शब्दांत उतरवला की मेल्यासारखा वाटायचा. चौकटींत मात्र देव चालायला लागले. गावदेवी तिवरांतून आली, दर्याराजा भरतीबरोबर पायऱ्या चढून आला. मग 'कट'. मग एक अख्खं पान काळं. आणि त्यापुढं मी लहानपणची सवय केली: अर्धं राहिलेलं पुरं केलं. सगळ्यांना आत घेतलं, पाट दिले, पाणी दिलं, विडे दिले, पंगतीच्या टोकाला बाबाला बसवलं, मांडीवर जाळं.

आयच्या डोळ्यांत तेव्हा पडदा आला होता. ती पानं खिडकीशी नेऊन, नाकाजवळ धरून बघत होती. एकेका देवाला तिनं ओळखलं, नाव घेतलं नाही, नुसती मान हलवली. काळ्या पानावर आली तेव्हा तिनं त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पुढची पानं बघितली. बाबाला बघून हसली.

"हितवर बराबर हाय," काळ्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली. "म्होरचा तुजा हाय. माजा नाय."

मी रागावले. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. मी कागद तिच्याजवळच टाकून उठून गेले. त्या आठवड्यात चंदा येऊन गेली, आणि नंतर मी बघितलं तर गठ्ठ्यात काळ्या पानापुढचं एकही पान नव्हतं. विचारलं तर आय म्हणाली, "सुकट बांदून दिली चंदीला. कागद नवता घरात."

घरात कागद होता. फळीवर वर्तमानपत्रांची थप्पी होती. पण तिला नीट दिसत नव्हतं हेही खरं. मी पुन्हा विचारलं नाही, आणि त्या पावसाळ्यात ती गेली. दार उघडंच होतं.

पुस्तक छापलं ते काळ्या पानावर संपतं. प्रकाशक म्हणाला, शेवट पुन्हा काढा. मी काढला नाही. एका समीक्षकानं लिहिलं की अपूर्ण शेवट हे लेखिकेचं धाडसी तंत्र आहे. लिहू दे. पुढची पानं मोऱ्याला चंदाच्या घरी आहेत. आयला मी विचारलं त्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला होता, म्हणाली, "ताय, सुकटीच्या कागदावर सगली बसलेली हायेत गो. बाबाबी हाय." तिनं कागद झटकून, सुरकुत्या काढून देवळीत ठेवलेत. मी गेले की बघते. दर्याराजाच्या पाटावर तेलाचा डाग पडलाय, आणि सुकटीचा वास अजून गेलेला नाही.